परक्या गावी एक वर्ष : नायजेरियाचे युवा सेवा दल आणि एप्रिल २०११

१/ शनिवार, १६ एप्रिल २०११. नायजेरियात राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. देशभरातील असंख्य केंद्रांवर मतदारयादी तपासणारे, बोटाला शाई लावणारे आणि सायंकाळी मते मोजून आकडे जाहीर करणारे कर्मचारी विशी-पंचविशीतील पदवीधर होते. मतमोजणीचा कल स्पष्ट होताच उत्तरेत दंगल उसळली. एकट्या बाउची राज्यात यांपैकी दहा तरुण-तरुणींची हत्या झाली.

२/ हे तरुण कोणत्याही पक्षाचे कार्यकर्ते नव्हते, सैनिक नव्हते, त्या गावचे रहिवासीही नव्हते. कायद्याने त्यांना घरापासून शेकडो मैल दूर, भाषा आणि धर्म वेगळा असलेल्या प्रदेशात वर्षभरासाठी पाठवले होते. देश सांधण्यासाठी आखलेल्या योजनेत ते भरती झाले होते. ही योजना का जन्मली आणि तिच्याच पोटात हा धोका कसा दडलेला होता, त्याचा हा इतिहास.

३/ सुरुवात १९१४ पासून करावी लागते. त्या वर्षी ब्रिटिश प्रशासक फ्रेडरिक लुगार्ड याने उत्तर आणि दक्षिण नायजेरिया हे दोन प्रदेश एकत्र केले. उत्तरेत हौसा-फुलानी समाज, इस्लाम आणि अमीरांची जुनी राज्यव्यवस्था. आग्नेयेत इग्बो, नैर्ऋत्येत योरुबा आणि त्यांच्या आसपास शेकडो लहान जमाती. नाव एक झाले, पण कारभाराच्या दोन रीती तशाच राहिल्या.

४/ ब्रिटिशांनी उत्तरेतील अमीरांच्या मार्फतच राज्य केले आणि मुस्लिम भागांत मिशनऱ्यांच्या वावरावर निर्बंध ठेवले. त्यामुळे इंग्रजी शाळा दक्षिणेत भराभर वाढल्या, उत्तरेत मोजक्याच राहिल्या. पुढे रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्यांसाठी शिकलेली माणसे लागली, तेव्हा ती दक्षिणेतून उत्तरेत आली. त्यांच्यात इग्बो मोठ्या संख्येने होते.

५/ या आलेल्या माणसांची वस्ती जुन्या शहराच्या तटाबाहेर वसवली गेली. तिला हौसा भाषेत ‘साबोन गारी’, म्हणजे ‘नवे गाव’, असे नाव पडले. कानो, झारिया यांसारख्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही तेथील लोक ‘बाहेरचे’च राहिले. रोजच्या व्यवहारात दोन्ही समाज एकमेकांवर अवलंबून होते. ताण वाढला की हल्ला कोणावर करायचा, हे मात्र वस्तीच्या सीमेनेच ठरवून ठेवले होते. १९५३ साली स्वराज्याच्या मुदतीवरून वाद पेटला, तेव्हा कानोत याचा पहिला मोठा प्रत्यय आला.

६/ १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळाले. १५ जानेवारी १९६६ रोजी काही तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव केला. पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा आणि उत्तरेचे सर्वांत प्रभावी नेते अहमदू बेल्लो मारले गेले. उठाव करणाऱ्यांत बहुतेक इग्बो होते आणि मारल्या गेलेल्या बड्या नेत्यांत उत्तरेचे अधिक. उत्तरेत या घटनेचा अर्थ ‘इग्बोंचा कट’ असाच लावला गेला.

७/ जुलैमध्ये प्रति-उठाव झाला. लष्करप्रमुख व राष्ट्रप्रमुख असलेले जनरल आगियी-इरोन्सी मारले गेले आणि ३१ वर्षांचे याकुबू गोवोन सत्तेवर आले. त्या वर्षी मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत उत्तरेत इग्बोंच्या कत्तली होत राहिल्या. हजारो लोक मारले गेले. दहा लाखांहून अधिक माणसे रेल्वेने, ट्रकने, मिळेल त्या वाहनाने पूर्वेकडे पळाली.

८/ ३० मे १९६७ रोजी पूर्व विभागाचे लष्करी प्रशासक ओजुक्वू यांनी ‘बियाफ्रा’ या स्वतंत्र राष्ट्राची घोषणा केली. अडीच वर्षे युद्ध चालले. नाकेबंदीमुळे बियाफ्रात भीषण उपासमार झाली. मृतांचे अंदाज दहा लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात आणि त्यांत भुकेने मेलेल्यांचा, विशेषतः मुलांचा, वाटा फार मोठा आहे. १५ जानेवारी १९७० रोजी बियाफ्राने अधिकृतपणे शरणागती पत्करली.

९/ गोवोन यांनी ‘कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही’ अशी भूमिका जाहीर केली. समेट, पुनर्वसन आणि पुनर्रचना ही तीन उद्दिष्टे ठरली. बियाफ्राच्या नेत्यांवर सूडाचे सामूहिक खटले चालले नाहीत, हे त्यांचे खरे श्रेय. पण बँकेत कितीही रक्कम असली तरी बियाफ्राचे चलन वापरलेल्या खातेदारांच्या हाती अवघे २० पौंड पडले, आणि पोर्ट हारकोर्टमध्ये अनेक इग्बोंना आपली घरे परत मिळाली नाहीत. समेटाची भाषा आणि समेटाचा अनुभव यांत अंतर होते.

१०/ या पार्श्वभूमीवर २२ मे १९७३ रोजी हुकूमनामा क्रमांक २४ निघाला आणि ‘नॅशनल युथ सर्व्हिस कोअर’, म्हणजे राष्ट्रीय युवा सेवा दल, अस्तित्वात आले. कल्पना सरळ होती. ज्या पिढीला उद्या देश चालवायचा आहे, तिने पदवीनंतर एक वर्ष अशा ठिकाणी काढावे, जिथे आपले कोणीच नाही. तिथल्या मुलांना शिकवावे, तिथले अन्न खावे, तिथली भाषा कानावर पडू द्यावी.

११/ गोवोन स्वतः मध्य पट्ट्यातील, आजच्या प्लॅटो राज्यातील एका लहान जमातीत जन्मलेले ख्रिस्ती. त्यांची जडणघडण उत्तरेतील झारियात झाली. देशाच्या तीन मोठ्या समाजांपैकी एकातही न बसणारा हा माणूस होता. वेगळ्या लोकांत राहण्याचा अनुभव त्यांना पुस्तकातून घ्यावा लागला नव्हता.

१२/ योजनेचे स्वागत मात्र झाले नाही. आपल्याला सक्तीने राबवले जाणार, या शंकेने विद्यापीठांतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. लष्करी राजवट मागे हटली नाही. पहिल्या वर्षी दोन-अडीच हजार पदवीधर दाखल झाले. पहिले संचालक होते अहमदू अली. हेच अली पुढे केंद्रात शिक्षणखात्याचे प्रमुख झाले आणि १९७८ मध्ये शुल्कवाढीविरोधात ‘अली चालते व्हा’ हे विद्यार्थी आंदोलन त्यांच्याच नावाने गाजले.

१३/ योजनेचा साचा आजही जवळजवळ तोच आहे. तिशीच्या आत पदवी किंवा उच्च पदविका मिळवणाऱ्या प्रत्येकाला सेवा बंधनकारक. आधी काही आठवड्यांचे शिबिर : पहाटेचे बिगूल, कवायत, खाकी गणवेश, जाड बूट. नंतर प्रत्यक्ष नेमणूक, बहुधा एखाद्या सरकारी शाळेत. दर आठवड्याला समाजसेवेचा दिवस. वर्षअखेरीस संचलन आणि प्रमाणपत्र. लोक या तरुणांना प्रेमाने ‘कॉर्पर’ म्हणतात.

१४/ त्या प्रमाणपत्राचे वजन मोठे आहे. ते नसेल, किंवा रीतसर सूट मिळाल्याचा दाखला नसेल, तर सरकारी आणि बऱ्याच खासगी नोकऱ्यांची दारे बंद होतात. सप्टेंबर २०१८ मध्ये अर्थमंत्री केमी अडेओसून यांना सूट-दाखला बनावट निघाल्यामुळे पद सोडावे लागले. सेवेला नकार देण्याचा पर्याय म्हणूनच कागदावरही नाही आणि व्यवहारातही नाही. धोक्याचा विचार करताना ही सक्ती विसरून चालत नाही.

१५/ योजनेचे फलित नाकारता येणार नाही. खेड्यापाड्यांतील अनेक शाळांत गणित आणि विज्ञान शिकवणारा एकमेव माणूस कॉर्पर असतो. आरोग्य केंद्रांत डॉक्टर म्हणूनही तोच. दक्षिणेतील मुलांनी हौसा शिकली, उत्तरेतील मुलांनी प्रथमच समुद्र पाहिला, आंतरजातीय विवाह झाले. पन्नास वर्षांत लक्षावधी नायजेरियन नागरिकांच्या आयुष्यात ‘माझे सेवेचे वर्ष’ ही एक समान आठवण तयार झाली. अशा समान आठवणी त्या देशात फार नाहीत.

१६/ अडचण दुसरीकडे होती. कॉर्परने सेवेनंतर देशात कुठेही नोकरी शोधावी, हे योजनेच्या कायद्यातच उद्दिष्ट म्हणून लिहिलेले आहे. पण त्याच देशात ‘मूळचा’ आणि ‘उपरा’ हा भेद सरकारी दाखल्यांनी जपला जातो. माणूस जिथे जन्मला किंवा राहिला तिथला ठरत नाही. वाडवडील जिथले, तिथला ठरतो. १९९९ च्या राज्यघटनेनुसार केंद्रीय मंत्रिमंडळात प्रत्येक राज्यातील किमान एक मंत्री हवा आणि तो त्या राज्याचा ‘मूळचा’ हवा. राज्यातील नोकऱ्या, शिष्यवृत्त्या, महाविद्यालयीन प्रवेश यांतही हाच दाखला विचारला जातो.

१७/ म्हणजे एक कायदा तरुणाला सांगतो, ‘हा सारा देश तुझा आहे’. दुसरी व्यवस्था त्याच तरुणाला वर्ष संपताच सांगते, ‘तू इथला नाहीस’. साबोन गारीची सीमा वसाहतकाळाबरोबर संपली नाही. ती दाखल्याच्या कागदावर उतरली. सेवा दलाचा पूल एका वर्षाचा होता आणि भिंत कायमची.

१८/ या भिंतीवरच प्लॅटो राज्याची राजधानी जोस वारंवार पेटली. तेथील बेरोम आदी जमाती, ज्यांत ख्रिस्ती अधिक, स्वतःला मूळ रहिवासी मानतात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या मुस्लिम हौसांना उपरे. २००१ मध्ये मोठी दंगल झाली. २८ नोव्हेंबर २००८ रोजी स्थानिक निवडणुकीच्या निकालावरून पुन्हा शहर पेटले आणि शेकडो माणसे मेली. मृतांत कॉर्परही होते. ज्या वादाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, त्यात ते सापडले.

१९/ आता २०११ कडे. नायजेरियातील निवडणुका तोवर गैरप्रकारांसाठी बदनाम झाल्या होत्या. २००७ ची तर विशेष. जून २०१० मध्ये राज्यशास्त्राचे प्राध्यापक अट्टाहिरू जेगा निवडणूक आयोगाचे प्रमुख झाले. केंद्रांवरील स्थानिक कर्मचारी स्थानिक पुढाऱ्यांच्या मुठीत असतात, हे दुखणे त्यांनी ओळखले. उपाय म्हणून त्यांनी मतदारनोंदणी आणि मतदान या दोन्ही कामांसाठी कॉर्परांना मोठ्या संख्येने नेमले.

२०/ निवड तर्कशुद्ध होती. हे तरुण शिकलेले होते, शिस्तीखाली होते आणि मुख्य म्हणजे त्या गावचे नव्हते. त्यांचा भाऊ उमेदवार नव्हता, त्यांची शेती पुढाऱ्याच्या बांधाला लागून नव्हती. परकेपणा हीच त्यांच्या नि:पक्षपातीपणाची हमी होती. २०११ ची निवडणूक आधीच्यांपेक्षा बरीच स्वच्छ झाली, असे निरीक्षकांनी म्हटले; त्या श्रेयात कॉर्परांचा मोठा वाटा आहे.

२१/ पण तोच परकेपणा संकटाच्या वेळी निशाणी ठरणार होता. गावात त्यांचे कोणी नातलग नाहीत, पळून जायला ओळखीचे घर नाही, आणि खाकी गणवेश दुरूनही ओळखू येतो. पूर्वसूचनाही मिळाली होती. ८ एप्रिल रोजी, संसदेच्या निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी, नायजर राज्यातील सुलेजा येथे आयोगाच्या कार्यालयात बॉम्बस्फोट झाला. मृतांत कामासाठी आलेले कॉर्पर होते. आठ दिवसांनी मतदान ठरल्याप्रमाणे झाले.

२२/ राष्ट्राध्यक्षपदाची लढत दोघांत होती. गुडलक जोनाथन दक्षिणेतील ख्रिस्ती, मुहम्मदू बुहारी उत्तरेतील मुस्लिम. सत्ताधारी पक्षात उत्तर-दक्षिण अशी आळीपाळीने उमेदवारी देण्याचा संकेत होता. उत्तरेचे उमारू यार’अदुआ मे २०१० मध्ये पदावर असतानाच वारले आणि उपाध्यक्ष जोनाथन सत्तेवर आले. पुढे तेच उमेदवार झाल्यावर ‘आमची पाळी हिरावली’ ही भावना उत्तरेत बळावली. जोनाथन यांना सुमारे ५९ टक्के मते मिळाली, बुहारींना ३२. बुहारींनी उत्तरेतील बारा राज्ये जिंकली होती, त्यामुळे निकाल फसवाच आहे, असे तिथल्या अनेकांना वाटले.

२३/ पहिला राग सत्ताधारी पक्षावर निघाला. त्या पक्षाच्या मुस्लिम पुढाऱ्यांची घरे जळाली, अमीरांच्या वाड्यांवरही हल्ले झाले. मग रोख ख्रिस्ती लोक, चर्च आणि दक्षिणेतून आलेल्यांची दुकाने यांच्याकडे वळला. दक्षिण कडुनात चित्र उलटे होते : झोंक्वासारख्या गावांत ख्रिस्ती जमावांनी मुस्लिमांची कत्तल केली. ह्यूमन राइट्स वॉचच्या अंदाजानुसार तीन दिवसांत आठशेहून अधिक माणसे मारली गेली. मृतांची संख्या दक्षिण कडुनात सर्वाधिक होती आणि त्यांत बहुसंख्य मुस्लिम होते.

२४/ बाउचीतील गियादे येथे कॉर्परांनी जिवाच्या भीतीने पोलीस ठाण्यात आश्रय घेतला. सरकारने पाठवलेल्या तरुणांनी सरकारच्याच दारात जाणे स्वाभाविक होते. जमावाने ठाण्यावरच हल्ला केला आणि मूठभर पोलीस त्यांना वाचवू शकले नाहीत. इतरत्र कॉर्परांनी लष्करी तळ आणि शिबिरांच्या आवारांत दिवस काढले. बाउची आणि कडुना येथील राज्यपालपदाचे मतदान दोन दिवस पुढे ढकलून २८ एप्रिलला घ्यावे लागले.

२५/ देश हादरला. जोनाथन यांनी मृतांच्या प्रत्येक कुटुंबाला पन्नास लाख नायरांची मदत जाहीर केली. दक्षिणेतील आईबापांनी मुलांना उत्तरेतून परत आणण्याची मागणी लावून धरली. उत्तरेतील खेड्यांतही शाळांचे शिक्षक अचानक निघून गेले. ज्या मुलांना ते शिकवत होते, त्यांनी काही कोणाला मारले नव्हते. नेमणूक बदलून घेण्यासाठी वशिला शोधणे, ही पुढे नित्याची गोष्ट झाली.

२६/ चौकशीसाठी शेख अहमद लेमू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. लेमू हे उत्तरेतील मान्यवर इस्लामी विद्वान आणि माजी न्यायाधीश. त्यांच्या अहवालाने कारणांच्या यादीत पहिले स्थान निवडणुकीला दिले नाही, धर्मालाही दिले नाही. १९९९ पासून नेमलेल्या अनेक चौकशी समित्यांच्या शिफारशी एकामागून एका सरकारने अमलात आणल्या नाहीत, म्हणून दंगलखोरांना शिक्षेचे भय उरले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

२७/ हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. निरनिराळ्या धर्मांची माणसे शेजारी राहतात म्हणून हिंसा अटळ असते, असे तो मानत नाही. मागच्या खुनाचा निवाडा झाला नाही, की पुढच्या खुन्याला परवानगी मिळते. १९६६, २००१, २००८, २०११ ही साखळी त्या नजरेने पाहिली तर सेवा दलापुढचे काम किती अवघड होते, ते कळते. जे न्यायालयांनी आणि पोलिसांनी करायचे, त्याची भरपाई बाविशीच्या शिक्षकाच्या सदिच्छेने करायची होती.

२८/ पुढे बोको हरामचा हिंसाचार वाढला. बोर्नो आणि योबे या ईशान्येकडील राज्यांसाठीची प्रशिक्षण शिबिरे सुरक्षेपायी अन्य राज्यांत घ्यावी लागली. काळजी समजण्याजोगी होती. पण जिथे दुरावा सर्वाधिक, तिथेच पूल आखडता घ्यावा लागला. २०२१ मध्ये सेवा दल बंद करण्याचे विधेयक संसदेपुढे आले. कॉर्परांची असुरक्षितता हे त्यामागचे एक प्रमुख कारण दिले होते. दल मात्र टिकले.

२९/ धोक्याचे रूपही बदलले. ऑगस्ट २०२३ मध्ये अकवा इबोम या दक्षिण किनाऱ्यावरील राज्यातून वायव्येच्या सोकोटोतील शिबिराकडे निघालेल्या आठ भावी कॉर्परांचे झमफारा राज्यात वाटेतच अपहरण झाले. ते शिबिरापर्यंत पोहोचलेही नव्हते. त्यांच्यापैकी शेवटच्याची सुटका व्हायला सुमारे एक वर्ष लागले. इथे प्रश्न धर्माचा नव्हता, खंडणीचा होता. रस्ता सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र तीच, सरकारची.

३०/ फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्तरेतील कात्सिना राज्यात महाराझू त्सिगा या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याचे त्यांच्या गावातून बंदूकधाऱ्यांनी अपहरण केले. सुमारे दोन महिन्यांनी ते सुटले. एप्रिल २०११ मध्ये सेवा दलाचे महासंचालक हेच होते. ते उत्तरेचे, मुस्लिम, आणि आपल्याच गावात होते. म्हणजे आता परका असण्याचीही अट उरली नव्हती.

३१/ सेवा दलाची कल्पना चुकीची होती, असे हा इतिहास सांगत नाही. अनोळखी माणसांत राहिल्यावाचून अनोळखीपणा सरत नाही, हे गोवोन यांचे मानणे खरेच होते. मात्र अनोळखी माणसाला दारात पाठवणाऱ्या राज्याने दोन गोष्टींची हमी द्यायची असते : त्याच्या जिवाला हात लावणाऱ्याला शिक्षा होईल, आणि तो राहिला तर त्या जागेचा होऊ शकेल. नायजेरियाच्या सरकारांनी पन्नास वर्षे तरुणांकडून वर्ष मागितले. या दोन हमी देण्याचे राहून गेले.

३२/ २०१५, २०१९ आणि २०२३ च्या निवडणुकांतही मतदान केंद्रांवर कॉर्परच होते. २०१५ मध्ये जोनाथन हरले आणि त्यांनी बुहारींना दूरध्वनी करून पराभव मान्य केला. २०११ ची पुनरावृत्ती टळली. आजही दरवर्षी लक्षावधी पदवीधर खाकी गणवेश घालून परक्या गावच्या बसमध्ये चढतात. तिथली शाळा त्यांची वाट पाहत असते आणि घरी आईबाप त्यांच्या फोनची.

(धागा समाप्त)